बाहुबली २ घडताना : खान्देशकरांचा धागा

केळीबाग (रावेर) · २० डिसेंबर २०१५

मंडळी, रामराम.

१७ तारखेला हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत दुसऱ्या भागाचं शूटिंग पुन्हा सुरू झालं, म्हणून हा धागा काढतोय. जुलैपासून पाहतोय, पाऊसपाण्याच्या धाग्यावरही कोणीतरी कटप्पा काढतो आणि मूळ विषय बुडतो. त्याला स्वतःची जागा हवी.

पहिला भाग मी भुसावळला पाहिला. पेरण्या करून बसलो होतो आणि पाऊस रुसला होता. शेवटी कटप्पा सांगतो की बाहुबलीला मीच मारलं, आणि पडदा काळा होतो. आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा उठेचनात. नातवाला म्हणाले, "बस, मध्यंतर झालं." नातवाने समजावलं की पुढचं पुढच्या वर्षी. आजोबांचा चेहरा मी विसरलेलो नाही. पुढच्या वर्षाची वाट पाहणं म्हणजे काय हे त्या वयात वेगळंच असतं.

सध्या शेतीची लाईट रात्रीची आहे. केळीला पाणी लावलं की दोन-तीन तास बांधावर बसावं लागतं, आणि त्या वेळात मी या पिक्चरची मिळेल ती बातमी वाचतो. वाचता वाचता माझं कुतूहलच बदललं. आधी फक्त "का मारलं" हवं होतं. आता वाटतं, हे सगळं उभं कोण करतं? साबू सिरिल यांनी उभारलेले राजवाडे, सेंथिल कुमार यांचा कॅमेरा, तलवारी, रथ, चिलखतं, आणि ज्यांची नावं पाट्यांमध्ये सर्रकन वर जातात ती शेकडो माणसं. एवढं मोठं काम आपल्या देशात, आपल्या डोळ्यांदेखत चाललंय. ते होऊन गेल्यावर पाहणं आणि होत असताना पाहणं यात फरक आहे.

दोन विनंत्या. बातमी असेल तर बातमी म्हणा, अंदाज असेल तर वर "अंदाज" लिहा. आणि चोरून बाहेर आलेलं काहीही इथे टाकू नका.

---

जिभाऊ_शिरपूर · २१ डिसेंबर २०१५

केळीबाग, चांगलं केलंस.

मी निवृत्त मास्तर, इतिहास शिकवायचो, तेव्हा माझं कुतूहल तिसरंच आहे. या पिक्चरमुळे पोरं "माहिष्मती" हे त्यातल्या राज्याचं नाव घोकू लागली, पण बहुतेकांना वाटतं ते लेखकाने रचलं. माहिष्मती खरी होती. नर्मदेच्या काठी होती, आणि बहुतेक अभ्यासक ती आजचं महेश्वर मानतात. काही जण मांधाता, म्हणजे ओंकारेश्वर, सुचवतात. म्हणजे सातपुड्याच्या पलीकडे, आपल्या शेजारात. आमच्या शिरपूरहून आग्रा रोडला लागा. पळासनेर ओलांडलं की बिजासनचा घाट, मग सेंधवा, जुलवानिया, ठीकरी, खलघाटला नर्मदेचा पूल, धामनोद, आणि तिथून उजवीकडे महेश्वर. सकाळी निघालेला माणूस दुपारी घाटावर अंघोळ करतो.

महाभारतात सहदेव दक्षिण दिग्विजयाला निघतो तेव्हा माहिष्मतीचा राजा नील त्याला अडवतो आणि अग्नी स्वतः नगरीचं रक्षण करतो. कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात तिचं नाव घेतलंय. इंदुमतीच्या स्वयंवरात सुनंदा तिला अनूप देशाचा राजा दाखवते आणि म्हणते, माहिष्मतीच्या तटाला कमरपट्ट्यासारखी वेढणारी रेवा, म्हणजे नर्मदा, राजवाड्याच्या खिडकीतून पाहायची असेल, तर याला वर. त्या राजाचा पूर्वज कार्तवीर्य, म्हणजे आपला सहस्रार्जुन. हजार बाहूंनी नर्मदा अडवणारा, रावणाला कैदेत टाकणारा.

पिक्चरची कथा विजयेंद्र प्रसाद यांची स्वतःची आहे, तिचा या इतिहासाशी थेट संबंध नाही. पण नाव उचलताना ते ज्या मातीतून उचललं, ती माती आपल्याला लागून आहे, एवढं पोरांना कळावं.

---

अमळनेरची_लेक (सुरत) · २२ डिसेंबर २०१५

जिभाऊ, नमस्कार. वाचून अंगावर काटा आला. उधन्यात इतकी वर्षं राहते, पण सातपुड्याचं नाव निघालं की जीव तिकडे धावतो.

माझी आई पंच्याहत्तरीची. पहिला भाग तिला मीच दाखवला. तिला कटप्पाचं काही नाही. तिचा जीव देवसेनेत अडकलाय. साखळदंडात पंचवीस वर्षं चौकात बसलेली ती बाई, वाकून वाकून काड्या गोळा करते. का, तर राजा भल्लालदेवाची चिता रचायची म्हणून. आई दर फोनला विचारते, "त्या बाईन्या काड्या कामे उन्यात का व?" म्हणजे, त्या बाईच्या काड्या कामी आल्या का गं?

मी सांगते, आई, पिक्चर अजून बनतोय. ती म्हणते, "इतला दिन?"

आईने स्वतः आयुष्यभर सरपण वेचलंय. काडी वाळलेली आहे का, हे ती उचलण्याआधी सांगते. दुसऱ्या भागात मला फक्त त्या काड्यांचं काय होतं ते पाहायचंय.

---

भुसावळ_जंक्शन · २२ डिसेंबर २०१५

ताई, आईंना नमस्कार सांगा. पण देशाचा प्रश्न एकच आहे : कटप्पानी बाहुबलीले कसाले मारं?

---

यावलकर · २२ डिसेंबर २०१५

आमच्या लेवा बोलीत "काहून मारलं". अहिराणीवाल्यांनी एकट्याने प्रश्न बळकावू नये.

---

रोटोवाला_धुळे (पुणे) · ९ जानेवारी २०१६

केळीबाग भाऊंनी "पाट्यांमध्ये सर्रकन वर जाणारी माणसं" लिहिलं, म्हणून राहवलं नाही. मी त्याच जमातीतला. धुळ्यात चित्रकलेचा डिप्लोमा केला, आता पुण्यात एका छोट्या स्टुडिओत रोटोचं काम करतो. बाहुबलीवर नाही, दुसऱ्या पिक्चरांवर. पण काम तेच.

लोक म्हणतात "कॉम्प्युटरने केलं". कॉम्प्युटर आपणहून काही करत नाही. नट हिरव्या कापडासमोर उभा राहतो, ते कापड काढून मागे राजवाडा बसवायचा. कापड हिरवंच का? डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल आणि निळ्यापेक्षा हिरवा टिपणारे बिंदू दुप्पट असतात, त्यामुळे हिरवा रंग स्वच्छ सुटतो. कपडे किंवा झाडं हिरवी असली की निळं कापड लावतात. पण वाऱ्याने केस उडतात, घोड्याची आयाळ हलते, धूळ उठते, कापडाची हिरवी झाक चिलखतावर पडते. अशा ठिकाणी माणसाची कड फ्रेमगणिक हाताने बांधावी लागते. त्याला रोटो म्हणतात.

मागच्या महिन्यात माझ्याकडे एका घोडेस्वाराचा शॉट होता. पडद्यावर सव्वाचार सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १०२ चित्रं. मानेपासून कानापर्यंतची आयाळ मी अकरा दिवस बांधत होतो. एका फ्रेममध्ये कड अर्धा बिंदू सरकली तरी चालू चित्रात ती उकळल्यासारखी थरथरते, आणि पाहणाऱ्याला कळत नाही काय चुकलं, फक्त खोटं वाटतं. बरोबर जमलं तर मात्र कोणाच्या काही लक्षातच येत नाही. अकरा दिवसांचं फळ ते.

रोटोच्या आधी मॅचमूव्ह. खरा कॅमेरा कसा हलला ते शोधून तसाच एक कॅमेरा संगणकात हलवायचा, नाहीतर राजवाडा नटाच्या मागे तरंगतो. मग रंग, प्रकाश, धूर. पहिल्या भागाचे इफेक्ट श्रीनिवास मोहन यांच्या देखरेखीखाली झाले. दुसऱ्यासाठी कमलाकन्नन आहेत, दिग्दर्शक राजामौळींच्या मगधीरा आणि ईगाचं काम त्यांचंच. काम कितीतरी स्टुडिओंमध्ये वाटलं जातं, आणि शेवटी सगळे तुकडे एकाच हाताने केल्यासारखे दिसले पाहिजेत. ते जुळवणं सर्वांत अवघड.

पिक्चरची तारीख पुढे गेली तर चिडू नका. कोणीतरी कुठेतरी आयाळ बांधत असतो.

---

केळीबाग · १० जानेवारी २०१६

रोटोवाला भाऊ, दोनदा वाचलं. काल रात्री पहिला भाग फोनवर लावून फक्त घोड्यांच्या आयाळी पाहत बसलो.

---

बागलाणी (सटाणा) · २१ फेब्रुवारी २०१६

आमचं बागलाण खान्देशात की नाशकात हा वाद नंतर घाला. मला मूर्तीबद्दल लिहायचंय.

पहिल्या भागात भल्लालदेवाचा प्रचंड पुतळा उभा करतात तो प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. मी आत्ताच मांगी-तुंगीहून आलो. भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती डोंगराच्याच अखंड पाषाणात कोरली आहे, आणि याच महिन्यात तिची प्रतिष्ठापना झाली. ज्ञानमती माताजींनी संकल्प केला तेव्हापासून वीस वर्षं गेली. माझ्या लहानपणी तिथे नुसता कडा होता. आधी डोंगराचा भाग कापून मोकळा केला, मग वरून खाली घडवत आणलं. वर चढून मूर्तीच्या पायाशी उभा राहिलो तर अंगठ्याचं नखच छातीएवढं वाटलं. समोरच्या बाईंनी हात लावून पाहिलं आणि नुसत्या रडायला लागल्या.

आता गंमत ऐका. बाहुबली हे ऋषभदेवांच्याच मुलाचं नाव. श्रवणबेळगोळला त्यांची ५७ फुटी मूर्ती आहे. आपल्या सीमेपलीकडे बडवानीजवळ बावनगजाला वडिलांची, ऋषभदेवांची, ८४ फुटी. आणि आता ही १०८ ची.

अंदाज : जैन कथेत भरत आणि बाहुबली हे दोघे भाऊ राज्यासाठी समोरासमोर येतात. सैन्याचा संहार नको म्हणून दोघांतच तीन युद्धं होतात. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्ही बाहुबली जिंकतो, आणि जिंकल्यावर राज्य सोडून निघून जातो. पिक्चरचं नाव उगाच ठेवलं नसेल. मला वाटतं दुसऱ्या भागात थोरल्या, म्हणजे वडील बाहुबलीला कोणी हरवणार नाही, तो स्वतः सिंहासन सोडेल. मरण त्यानंतर येईल.

---

भुसावळ_जंक्शन · २१ फेब्रुवारी २०१६

सिंहासन सोडणारा माणूस मारायचा कशाला? अंदाज पटला नाही. कटप्पाला फसवलं असणार.

---

जिभाऊ_शिरपूर · २२ फेब्रुवारी २०१६

भुसावळ, सोडून गेलेल्याचीच भीती जास्त असते. तो लोकांच्या मनात राहतो, आणि गादीवर बसलेल्याला ते रोज दिसतं. बागलाणींचा अंदाज मी लिहून ठेवतो.

---

अमळनेरची_लेक · २८ मार्च २०१६

बातमी : राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. बाहुबली सर्वोत्कृष्ट चित्रपट! आणि स्पेशल इफेक्ट्सचाही पुरस्कार श्रीनिवास मोहन यांना. रोटोवाला भाऊ, हा तुमच्या जमातीचा.

---

रोटोवाला_धुळे · २८ मार्च २०१६

ताई, ऑफिसात पेढे वाटले. मालकाने विचारलं, आपण काय केलं त्यात? मी म्हटलं, काही नाही, वाटू द्या.

---

यावलकर · १९ जून २०१६

क्लायमॅक्सचं शूटिंग सुरू झाल्याच्या बातम्या आहेत. बरेच आठवडे चालणार म्हणतात.

क्लायमॅक्स म्हटल्यावर मला पुन्हा पहिल्या भागातला तो पुतळ्याचा दोर आठवतो. मजूर ओढताहेत, दोर निसटतोय, एक माणूस खाली सापडणार, आणि कोणाला न कळता नायक प्रभास दोर धरतो. तिथे थेटरात शिट्ट्या पडल्या, पण मी गप्प होतो. आमच्या गावच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, वर माणसं खच्चून बसवायची, आणि भगत त्या ओढत नेतो. माझे काका भगत होते. पंधरा दिवस पथ्य पाळायचे, आदल्या रात्री बोलत नसत. गाड्या हलण्याआधी एक क्षण असा येतो की हजारो माणसं असून आवाज नसतो, फक्त जू करकरतं. मग पहिलं चाक फिरतं आणि आरोळी उठते.

त्या प्रसंगात तो क्षण होता. दोर ताणला जातो तेव्हा संगीत थांबतं की नाही हे मी नंतर पाहिलं नाही, पण माझ्या कानात ते करकरणंच होतं. ज्याने हे लिहिलं, त्याने कुठेतरी अशी यात्रा पाहिली असणार. दुसऱ्या भागात असा एक तरी क्षण असावा, बाकी लढाया किती का असेनात.

---

केळीबाग · २० जून २०१६

यावलकर, काकांच्या हातावर वळ असायचे का?

---

यावलकर · २० जून २०१६

हातावर नाही. कमरेला. दोर कमरेला असतो. शेवटपर्यंत काळा पट्टा होता, अंघोळीच्या वेळी दिसायचा.

---

अमळनेरची_लेक · ६ ऑगस्ट २०१६

बातमी, आणि बसून वाचा. तारीख पक्की झाली. आधी १४ एप्रिल ऐकत होतो, आता २८ एप्रिल २०१७.

मी मोबाइलवरचं पंचांग उघडलं. २८ एप्रिलला सकाळीच तृतीया लागते. वैशाख शुद्ध तृतीया. आखाजी!

बाहेरगावच्या सभासदांसाठी सांगते. इतरांची अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आमची आखाजी म्हणजे लेकीची दिवाळी. सासरी कितीही काम असो, आखाजीला माहेरी जायचंच. निंबाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी असतात, पितरांच्या नावाने घागर भरतात आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस. मी दरवर्षी उधन्याहून तापी लाइनने जाते. नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं की खिडकीतली हवाच बदलते. नरडाणा आलं की मी पिशव्या खाली काढून ठेवते, अजून अमळनेर यायचं असतं तरी.

म्हणजे मी माहेरी असेन, आई शेजारी असेल, आणि त्याच दिवशी काड्यांचं उत्तर येईल. हे कोणी ठरवून केलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

---

जिभाऊ_शिरपूर · ६ ऑगस्ट २०१६

लेकी, तुझ्या आईला सांग, तब्येत सांभाळा. पावणेनऊ महिने राहिले.

---

केळीबाग · २२ ऑक्टोबर २०१६

बातमी : मुंबईच्या मामी चित्रपट महोत्सवात पहिलं पोस्टर आलं, प्रभासच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. बांधावरून पाहिलं. स्क्रीन लहान, पण पाणी सारीच्या शेवटाला पोहोचून बाहेर जाऊ लागलं तरी मला कळलं नाही.

---

भुसावळ_जंक्शन · २३ नोव्हेंबर २०१६

एक गोष्ट कानावर घालतो. दुसऱ्या भागातल्या लढाईची काही मिनिटं बाहेर फुटली आहेत. माझ्या ग्रुपवर आली. कोणाला हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा. इथे टाकत नाही, म्हणजे नियम मोडत नाही.

---

केळीबाग · २३ नोव्हेंबर २०१६

जंक्शन भाऊ, नियम शब्दाने मोडला नाही, मनाने मोडला. राग मानू नका. हा वरचा निरोप काढा.

---

भुसावळ_जंक्शन · २३ नोव्हेंबर २०१६

सगळा देश पाहतोय. बँकेच्या रांगेत पाच तास उभा होतो, पुढचे-मागचे सगळे तेच पाहत होते. मी एकट्याने डोळे मिटून काय होणार? आणि पिक्चर तर मी तरीही तिकीट काढूनच पाहणार.

---

रोटोवाला_धुळे · २४ नोव्हेंबर २०१६

भाऊ, तुम्ही तिकीट काढाल यात शंका नाही. मला नुकसानीबद्दल बोलायचंच नाही.

बातमीत आहे की या प्रकरणात ग्राफिकचं काम करणाऱ्या एका पोराला पोलिसांनी धरलं. माझ्याच वयाचा असेल. त्याने केलं ते चूकच. पण उद्यापासून आमच्या प्रत्येक स्टुडिओत दारावर फोन काढून घेतील, पेन ड्राइव्ह तपासतील, आणि आमच्याकडे पाहायची नजर बदलेल. ती क्लिप मी पाहिली नाही. अर्ध्या वाटेवरचा शॉट कसा असतो ते मला माहीत आहे. कड बांधलेली नसते, आभाळ बसवलेलं नसतं. आई पुरण वाटत असताना पाट्यावरचं बोटाने उचलून चाखायचं आणि म्हणायचं, पोळी काही खास नाही. तसं आहे ते. वाढेपर्यंत थांबलं पाहिजे.

---

भुसावळ_जंक्शन · २४ नोव्हेंबर २०१६

क्लिप डिलीट केली. ग्रुपवरही लिहिलं. वरचा निरोप राहू दे, रोटोवाल्याचं उत्तर त्याच्याशिवाय कळणार नाही.

---

अक्राणीचा (धडगाव) · २७ जानेवारी २०१७

वर्षभर वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. कालच्या पोस्टरमध्ये प्रभास आणि देवसेना झालेली अनुष्का दोघं धनुष्य ताणून उभे आहेत. आमच्या घरात तीरकामठा पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून मी चेहरे सोडून आधी हात पाहिले.

आमची कामठी बांबूची, दोरीही बांबूच्याच सालीची. कापसाची किंवा तारेची नाही. पावसाळ्यात ती चुलीच्या वर टांगून ठेवतात, धुराने कीड लागत नाही. आणि आमच्याकडची जुनी माणसं बाण सोडताना अंगठा लावत नाहीत. तर्जनी आणि मधल्या बोटात बाण धरतात. विचारलं तर सांगतात, अंगठा एकलव्याने दिला, आम्ही वापरत नाही. माझे आजोबा असेच मारायचे. मी शाळेच्या स्पर्धेत अंगठा लावला तर आठ दिवस बोलले नाहीत.

पिक्चरमधलं धनुष्य वेगळं, राजांचं. तरी दोघांचे खांदे खाली आणि कोपर वर आहे, हे मला आवडलं. कोणीतरी त्यांना नीट शिकवलंय. पुष्कळ पिक्चरांत नट धनुष्य ताणतात आणि कान धोक्यात असतो.

---

जिभाऊ_शिरपूर · २८ जानेवारी २०१७

अक्राणीचा, तू वर्षभर गप्प का होतास? ही नोंद धाग्यातली सर्वांत मोलाची आहे. आजोबांचा कामठा असेल तर जपून ठेव.

---

जिभाऊ_शिरपूर · २५ फेब्रुवारी २०१७

काल महाशिवरात्रीला आम्ही चौघं महेश्वरला जाऊन आलो. मी, बागलाणी, यावलकर आणि त्यांचा मुलगा. पहाटे चारला शिरपूर सोडलं. बिजासनच्या घाटात ट्रक अडकला होता, तिथे दीड तास गेला. खलघाटच्या पुलावर गाडी हळू केली आणि यावलकरांनी न सांगता हात जोडले.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. अहिल्याबाईंनी बांधलेले ते दगडी घाट, वर किल्ल्याचा तट, आणि पायऱ्यांच्या कडेला माहेश्वरी साड्यांची दुकानं. त्या साड्यांच्या काठात किल्ल्यावरचीच नक्षी विणतात, हे विणकराने समोर दाखवलं. आधी दगडावर बोट ठेवलं, मग काठावर. राजराजेश्वराच्या देवळात सहस्रार्जुनाचं स्थान आहे. आत अखंड तेवणारे अकरा नंदादीप आहेत, तुपाचे. यावलकरांच्या मुलाने एकेक मोजले.

मग पायरीवर बसलो आणि याच मुलाने फोन पुढे केला. नवीन पोस्टर आलं होतं. हत्तीच्या सोंडेवर पाय देऊन वर चढणारा बाहुबली. आम्ही चार माणसं माहिष्मतीच्या पायरीवर बसून माहिष्मतीच्या राजाचं चित्र पाहत होतो, पाय रेवेच्या पाण्यात. पोरगा म्हणाला, आजोबा, हेच ते का? मी चाळीस वर्षं शिकवलं, पण हो म्हणताना घसा दाटला.

---

केळीबाग · १६ मार्च २०१७

ट्रेलर आला!!! सकाळी आंध्र-तेलंगणात थेटरांत दाखवला, आता सगळ्यांसाठी खुला. मी नऊ वेळा पाहिला. हिंदीत बाहुबलीचा आवाज शरद केळकरांचाच आहे, आपल्या मराठी माणसाचा.

ताई, देवसेना तरुणपणीची दिसते. तलवार चालवते. आईंना दाखवा.

---

अमळनेरची_लेक · १७ मार्च २०१७

भावाने फोनवर दाखवला. आई म्हणाली, पोरगी तेज आहे, म्हणूनच साखळीने बांधली.

---

बागलाणी · ११ एप्रिल २०१७

७ तारखेपासून पहिला भाग हिंदीत पुन्हा लागलाय. ज्यांनी पाहिला नाही त्यांना घेऊन जा. फक्त थेटर पाहून जा. मी एका ठिकाणी गेलो, प्रोजेक्टरचा दिवा इतका मंद की धबधबा म्हणजे राखाडी पडदा. तक्रार केली तर म्हणाले, पिक्चरच तसा आहे. अतिरप्पिल्लीचं ते पाणी मी स्वतः केरळात जाऊन पाहिलंय. रोटोवाल्यांच्या अकरा दिवसांची माती होते हो अशाने. दुसरा भाग मी त्या थेटरात पाहणार नाही.

---

केळीबाग · २६ एप्रिल २०१७

जळगावची तिकिटं मिळाली. सकाळचा खेळ. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. सोबत त्या आजोबांचा नातू आहे, भुसावळच्या पुढच्या रांगेतले ते. त्या दिवशी ओळख झाली ती टिकली. आजोबा गेल्या पौषात गेले. त्यांचंही तिकीट काढलंय. खुर्ची रिकामी ठेवू.

---

रोटोवाला_धुळे · २८ एप्रिल २०१७, दुपार

पाहिला. कथेचं अक्षरही लिहीत नाही. शेवटच्या पाट्या संपेपर्यंत उभा होतो. सफाईवाल्या मावशींना म्हटलं, दोन मिनिटं थांबा. त्या झाडू टेकवून माझ्याबरोबर वाचत राहिल्या.

---

भुसावळ_जंक्शन · २८ एप्रिल २०१७, संध्याकाळ

कळलं का ते. सांगणार नाही. बागलाणी, तुम्हाला दंडवत.

---

यावलकर · २८ एप्रिल २०१७, रात्र

करकरणं होतं. एकदा नाही, दोनदा.

---

अमळनेरची_लेक · २९ एप्रिल २०१७

काल घागर भरली, नैवेद्य झाला, आणि संध्याकाळच्या खेळाला आई, मी, दोघी वहिन्या, शेजारच्या तीन लेकी अशा निघालो. सगळ्यांच्या हाताला मेंदी. आईने नवं लुगडं नेसलं. थेटरात अर्ध्या खुर्च्यांवर माहेरवाशिणीच होत्या, मागून कोणीतरी गौराईचं गाणंही म्हटलं.

आई मध्यंतरापर्यंत एक शब्द बोलली नाही. शेवटी शेवटी तिने माझं मनगट धरलं, आणि इतकं घट्ट की बांगडी रुतली. कुठल्या प्रसंगाला ते सांगत नाही. बाहेर आल्यावर तिने दीड वर्षाच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच दिलं. एकच शब्द. तो मी सोमवारी लिहीन, तोवर सगळ्यांचा पाहून होऊ दे.

---

केळीबाग · ३० एप्रिल २०१७

माझा पाहून झाला, अक्राणीच्याचाही झाला. जिभाऊंचा आज रात्री. ताई, सोमवारची वाट पाहतोय.

---

अमळनेरची_लेक · १ मे २०१७

"उन्यात."